चेंडू ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे बघा : इनडोअर टेनिसमधली पुरुष दुहेरी

एकेरी टेनिस बघायची सवय असलेल्या माणसाला दुहेरीचा सामना पहिली दहा मिनिटं काही उमजू देत नाही. सर्व्हिस होते, समोरचा ती परतवतो, तेवढ्यात जाळ्याजवळचा कोणीतरी आडवा झेपावून चेंडू रिकाम्या जागेत मारतो आणि पॉइंट संपलेला असतो. तीन-चार फटक्यांत सगळं आटोपतं. बंदिस्त स्टेडियममधल्या कोर्टवर तर ते आणखी झटपट घडतं. मग प्रेक्षक म्हणतो, यात बघायचं काय? आणि एकेरीचा सामना सुरू होईपर्यंत फोन उघडून बसतो. हे पाहून मला खरोखर हळहळ वाटते. टेनिसमधला सगळ्यात विचारपूर्वक खेळला जाणारा प्रकार त्याच्या समोर चाललेला असतो, फक्त त्याची नजर दुसरीकडे असते.

एकेरीत चेंडूवर नजर ठेवली की सामना समजतो. दुहेरीत त्या क्षणी ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. कोर्टवर चौघं असतात आणि एका वेळी चेंडू मारत असतो एकच. उरलेले तिघं तेव्हा कुठे सरकतात, कुठली जागा झाकतात, कुठली मुद्दाम उघडी ठेवतात, यावर पॉइंट ठरतो. हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

आधी कोर्टचा हिशोब. लांबी एकेरीत आणि दुहेरीत सारखीच, ७८ फूट. रुंदी एकेरीत २७ फूट असते. दुहेरीत दोन्ही कडांचे साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे खेळात धरले जातात आणि ती ३६ फूट होते. म्हणजे एकेरीत एकट्याने २७ फूट सांभाळायचे, तर दुहेरीत प्रत्येकाच्या वाट्याला १८ येतात. कोर्ट मोठं झालं तरी मोकळी जागा कमी झाली. म्हणून नुसत्या ताकदीने चेंडू मारून दुहेरीत पॉइंट मिळत नाही. जागा आधी तयार करावी लागते. सर्व्हिसचा चौकोन मात्र बदलत नाही. तो दुहेरीतही एकेरीएवढाच असतो.

जोडीदारांनी टेबल टेनिससारखं आळीपाळीने मारायचं बंधन इथे नाही. जो पोहोचेल त्याने मारावं. बंधन आहे ते सर्व्हिस आणि रिटर्नला. सर्व्हिस चौघांमध्ये फिरते, त्यामुळे प्रत्येकाची पाळी दर चौथ्या गेमला येते. ६-४ असा संपलेला सेट घ्या. दहा गेम झाले, म्हणजे दोन्ही जोड्यांतल्या पहिल्या सर्व्हरला तीन-तीन गेम मिळाले आणि दुसऱ्याला दोन-दोन. म्हणून बहुतेक जोड्या ज्याची सर्व्हिस जास्त भरवशाची त्याला सेटच्या सुरुवातीला पुढे करतात. नवा सेट सुरू होताना हा क्रम बदलता येतो.

रिटर्नला प्रत्येकाची बाजू सेटभर ठरलेली असते. एकजण कोर्टच्या उजव्या भागात उभा राहून सर्व्हिस घेतो, दुसरा डाव्या. ३०-४० आणि ०-४० हे ब्रेक पॉइंट (जे जिंकले की समोरच्याचा सर्व्हिस गेम हिसकावला जातो, म्हणजे ‘ब्रेक’ होतो) डाव्या बाजूला येतात, १५-४० चा उजव्या बाजूला. त्यामुळे डावी बाजू बऱ्याचदा डोकं थंड ठेवणाऱ्याकडे दिली जाते.

आता बंदिस्त कोर्टचा यात संबंध काय?

व्यावसायिक पुरुष टेनिसच्या वर्षात इनडोअर स्पर्धांचे ठरावीक मोसम असतात. फेब्रुवारीत रॉटरडॅम, ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोम, बाझल आणि व्हिएन्ना, त्यानंतर पॅरिस मास्टर्स, आणि नोव्हेंबरमध्ये तुरिनला वर्षातल्या सर्वोत्तम आठ जोड्यांची एटीपी फायनल्स (एटीपी म्हणजे व्यावसायिक पुरुष टेनिस चालवणारी संघटना). पॅरिसची स्पर्धा अनेक वर्षं बेर्सीच्या स्टेडियममध्ये होत असे. २०२५ पासून ती ला डेफान्स अरेनामध्ये गेली. पूर्वी यातल्या बऱ्याच ठिकाणी जमिनीवर गालिचासारखा पृष्ठभाग अंथरला जायचा आणि त्यावरून चेंडू सपाट, सरपटत निघायचा. एटीपीने २००९ मध्ये आपल्या मुख्य स्पर्धांतून तो प्रकार बंद केला. आता इनडोअरलाही हार्ड कोर्टच असतं.

छताखाली वारा नसतो. सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला की तो प्रत्येक वेळी त्याच उंचीवर, त्याच जागी मिळतो. वाऱ्यात हीच फेक सगळ्यात आधी बिघडते आणि मग पहिली सर्व्हिस हुकायला लागते. इनडोअरमध्ये चांगला सर्व्हर आपल्या जोडीदाराला सांगू शकतो की मी चेंडू नेमका मधल्या रेषेवर टाकणार आहे, आणि तो तसा टाकूही शकतो. हा नेमकेपणा दुहेरीत फार मोलाचा असतो. कारण जाळ्याजवळचा जोडीदार त्या शब्दावर विसंबून आधीच हलायला लागलेला असतो.

ऊन नसण्याचा परिणाम जरा गमतीचा आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुहेरीत सर्व्हिसचा क्रम आणि बाजू बदलायचे नियम एकत्र केले, तर प्रत्येक खेळाडू एका सेटमध्ये कायम कोर्टच्या एकाच टोकाकडून सर्व्हिस करतो. कागदावर मांडून बघा. पहिल्या, पाचव्या आणि नवव्या गेमला सर्व्हिस करणारा प्रत्येक वेळी त्याच टोकाला असतो. उघड्या कोर्टवर जोड्या याचा उपयोग करतात. ज्या टोकाला ऊन उजव्या हाताने सर्व्हिस करणाऱ्याच्या डोळ्यांत जातं, तिथे जोडीतल्या डावखुऱ्याला उभं करतात. इनडोअरमध्ये हा विचारच उरत नाही. क्रम ठरतो तो फक्त कोण किती चांगली सर्व्हिस करतो यावर.

पण छताचा फायदा एकट्या सर्व्हरला मिळतो असं समजू नका. वारा नसल्यामुळे लॉबही भरवशाचा होतो. जाळ्याजवळच्या खेळाडूच्या डोक्यावरून उंच फेकलेला चेंडू वाऱ्यात दोन फूट इकडेतिकडे गेला तर बाहेर पडतो. इथे तो मनात असेल तिथे पडतो. (तो छताला लागला तर मात्र पॉइंट गेला. मोठ्या स्टेडियमची छतं इतकी उंच असतात की तशी वेळ येत नाही.) थोडक्यात, हवामानाने बिघडवायचं जे काही असतं ते बाहेर राहतं आणि दोन जोड्यांनी केलेल्या योजना उघडपणे एकमेकींवर आदळतात. दुहेरी समजून घ्यायची असेल तर इनडोअरपासून सुरुवात करावी, असं मला वाटतं ते यासाठी.

आता जाळ्याजवळच्या माणसाकडे येऊ. दुहेरीचा खरा गाभा तिथे आहे.

सर्व्हिस होण्याआधी सर्व्हरचा जोडीदार जाळ्यापाशी वाकलेला असतो आणि एक हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो. ती खूण दोन गोष्टी सांगते : सर्व्हिस कुठे टाक, आणि ती टाकल्यावर मी कुठे जाणार आहे. काही जोड्या खुणांऐवजी प्रत्येक पॉइंटआधी जवळ येऊन, तोंडावर चेंडू धरून कुजबुजतात. काम तेच. सर्व्हिस कोर्टच्या मधल्या रेषेवर गेली तर रिटर्न करणाऱ्याला तिरके, रुंद कोन मिळत नाहीत. त्याचा चेंडू बहुधा मध्यातून येतो. तिथे जाळ्याजवळचा माणूस आडवा धावून तो हवेतच कापतो. यालाच पोचिंग म्हणतात. सर्व्हिस बाहेरच्या बाजूला गेली तर मात्र रिटर्न करणाऱ्याला कडेची रेषा मोकळी दिसते. मग जाळ्याजवळच्याला आपली कड सांभाळत थांबावं लागतं. तिसरा पर्याय सरळ अंगावर सर्व्हिस मारण्याचा. त्यात रिटर्न करणाऱ्याला हातच मोकळा करता येत नाही.

पोचिंगमध्ये सगळी मदार निघण्याच्या वेळेवर असते. लवकर निघालात तर समोरचा ते पाहतो आणि तुम्ही सोडलेल्या जागेत चेंडू मारतो. उशिरा निघालात तर चेंडू निसटतो. रिटर्न करणारा फटका मारायला रॅकेट पुढे आणतो आणि त्याची नजर चेंडूवर खिळते, तो क्षण गाठायचा असतो. तेवढ्यापुरतं त्याला बाकी काही दिसत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे आय फॉर्मेशन. त्यात जाळ्याजवळचा खेळाडू मधल्या रेषेवर इतका खाली बसतो की सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जावी. सर्व्हरही जवळजवळ मध्यावर उभा असतो. सर्व्हिस पडेपर्यंत दोघांपैकी कोण डावीकडे जाणार आणि कोण उजवीकडे, हे फक्त त्या दोघांना माहीत असतं. रिटर्न करणाऱ्याला वेगवान सर्व्हिस सांभाळायची असते आणि त्याच अर्ध्या सेकंदात कुठली बाजू रिकामी होणार याचा अंदाजही बांधायचा असतो. सर्व्हिस आपल्याच जोडीदाराच्या अंगाला लागली तर काय, असा प्रश्न पडतो : ती चुकलेली सर्व्हिस धरतात. रिटर्न करणाऱ्या जोडीतल्या कोणालाही चेंडू टप्पा पडण्याआधी लागला, तर पॉइंट सर्व्हरचा.

ऑस्ट्रेलियन नावाची रचनाही दिसेल. तिच्यात दोघंही कोर्टच्या एकाच अर्ध्या भागात उभे राहतात. समोरच्याचा हुकमी तिरका रिटर्न बंद करायचा आणि त्याला त्याच्या नावडत्या सरळ फटक्याकडे ढकलायचं, हा त्यामागचा हेतू.

जाळ्याजवळच्या माणसाचं सगळ्यात सुंदर काम आकडेवारीत दिसत नाही. तो खांदा हलवून निघाल्याचा आव आणतो आणि जागेवरच थांबतो. रिटर्न करणारा बिचकून सरळ कडेला मारायला जातो आणि चेंडू जाळ्यात घालतो. नोंद होते रिटर्न करणाऱ्याची चूक म्हणून. पण तो पॉइंट चेंडूला न शिवलेल्या माणसाने मिळवलेला असतो. असे पॉइंट ओळखता यायला लागले की दुहेरी बघण्याचा आनंद कितीतरी वाढतो.

समोरची जोडी अर्थातच गप्प बसत नाही. सर्व्हर धावत जाळ्याकडे येत असेल तर चेंडू त्याच्या पायाशी बुडवायचा, म्हणजे त्याला तो खालून उचलून द्यावा लागतो आणि आपल्या जाळ्याजवळच्या माणसाला सोपा चेंडू मिळतो. पोच करणारा फार धीट झाला असेल तर एक-दोनदा मुद्दाम त्याच्याच दिशेने कडेला जोरात मारायचं. तो पॉइंट गेला तरी चालतो. पुढच्या वेळी तो जागा सोडताना विचार करतो. सर्व्हिस फारच भारी असेल तर रिटर्न करणारी जोडी दोघंही बेसलाइनला, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपाशी, उभी राहते, जेणेकरून कमजोर रिटर्नवर समोरच्याने मारलेली व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) जवळ उभ्या असलेल्या जोडीदाराच्या अंगावर येऊ नये.

चौघंही जाळ्याशी आले की खेळाचा वेग अंगावर येतो. समोरासमोरच्या दोघांत सात मीटर अंतर आणि ताशी १०० किलोमीटरचा चेंडू, म्हणजे हातात उरतो पाव सेकंद. एवढ्या वेळात विचार होत नाही. रॅकेट आधीपासून छातीसमोर तयार असावी लागते. त्या झटापटीत चेंडू पुन्हा पुन्हा मध्यातून मारला जातो, कारण जाळं खांबांपाशी साडेतीन फूट आणि मध्यावर तीनच फूट उंच असतं. शिवाय मधून गेलेल्या चेंडूला परत येताना कोन कमी मिळतो आणि तो कोणी घ्यायचा यावरून जोडीदारांचा क्षणभर घोळ होतो. ज्याचा फोरहँड मध्याकडे आहे त्याने घ्यायचा, असा अनेक जोड्यांचा ठराव असतो. मुरलेली जोडी आणि त्या आठवड्यापुरती जमलेली जोडी यांतला फरक या मधल्या चेंडूवर लगेच कळतो.

गुणपद्धतीत दोन मोठे बदल २००६ मध्ये एटीपी दुहेरीत आले. सामने आटोपशीर व्हावेत, त्यांचं वेळापत्रक जमावं आणि एकेरीच्या मोठ्या खेळाडूंनी दुहेरीत उतरावं, हा उद्देश होता. त्याच सुमाराला दुहेरीच्या खेळाडूंचा आणि एटीपीचा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. बदल टिकले. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष दुहेरीचे नियम वेगळे आहेत, तिथे तिसरा सेट खेळवतात.

पहिला बदल ४०-४० चा. एकेरीत इथून सलग दोन पॉइंट जिंकावे लागतात. एटीपी दुहेरीत एकच निर्णायक पॉइंट खेळला जातो, जो जिंकेल त्याचा गेम. हा बदल किती खोल आहे ते आकड्यांत पाहू. समजा, सर्व्हर दहापैकी सात पॉइंट जिंकतो. जुन्या पद्धतीत ४०-४० नंतर गेम राखण्याची त्याची शक्यता जवळपास ८५ टक्के असते. निर्णायक पॉइंटवर ती सरळ ७० टक्क्यांवर येते. सगळा गेम धरला तर जुन्या पद्धतीत असा सर्व्हर शंभरात साधारण १० वेळा सर्व्हिस गमावेल, नव्या पद्धतीत १३ वेळा. तीनचा फरक किरकोळ वाटेल. पण इनडोअरमध्ये अख्ख्या सेटमध्ये एखादाच ब्रेक होतो, त्यामुळे तेवढ्यानेही सामने उलटतात.

निर्णायक पॉइंटला सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. दोघं जागा अदलाबदल करू शकत नाहीत, पण दोघांपैकी कोण रिटर्न करणार याची निवड त्यांची असते. इथे कॅमेऱ्याने दाखवलं तर त्यांची कुजबुज नक्की बघा. आज कोणाचा रिटर्न चांगला बसतोय, या सर्व्हरची डावीकडची सर्व्हिस कशी आहे, मागच्या निर्णायक पॉइंटला त्याने काय केलं होतं, हे सगळं त्या पंधरा-वीस सेकंदांत तोललं जातं.

दुसरा बदल : सेट १-१ झाले की तिसरा सेट नाही. त्याऐवजी दहा गुणांचा मॅच टायब्रेक, किमान दोनच्या फरकाने जिंकायचा. पहिला सर्व्हर एक पॉइंट सर्व्हिस करतो, मग प्रत्येकाला दोन-दोन. दर सहा गुणांनी बाजू बदलते. आपल्या सर्व्हिसवरचा एक पॉइंट गेला, त्याला ‘मिनी ब्रेक’ म्हणतात, की ती भरून काढायला फार थोडे पॉइंट उरतात. तासभर वरचढ खेळलेली जोडी इथे दहा मिनिटांत हरू शकते आणि तसं वारंवार होतं. खेळाडूंना हे जाचतं, हे मी समजू शकतो. तरी मॅच टायब्रेकमध्ये जोडीतल्या सर्व्हिसचा क्रम आणि रिटर्नच्या बाजू नव्याने ठरवता येतात, आणि ज्या जोडीने सामनाभर समोरच्यांचं नीट वाचन केलं आहे तिला इथे ते वापरता येतं. म्हणून याला नुसती लॉटरी म्हणणं मला पटत नाही.

प्रवेशाचं गणित थोडक्यात. बाझल, व्हिएन्ना, रॉटरडॅम अशा, विजेत्याला क्रमवारीचे ५०० गुण देणाऱ्या स्पर्धेत मुख्य फेरीत १६ जोड्या असतात, म्हणजे विजेतेपदासाठी चार सामने. जोडीतल्या दोघांच्या क्रमवारीची बेरीज करतात. एक ४० वा आणि दुसरा ५५ वा असेल तर त्यांचा आकडा ९५. बेरीज जितकी कमी, तितका प्रवेश सोपा. एकेरीची क्रमवारीही यासाठी वापरता येते, त्यामुळे एकेरीचे नामवंत अधूनमधून दुहेरीत दिसतात. गुण मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात. जोडी फुटली तरी ते आपल्याबरोबर राहतात आणि म्हणूनच जोडीदार इतके बदलतात. फायनल्सच्या पात्रतेसाठी तेवढी जोडीची वेगळी यादी असते.

काही जोड्या मात्र टिकतात आणि मग त्यांना हरवणं अवघड होतं. जॉन मॅकेन्रो आणि पीटर फ्लेमिंग यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, छताखाली, वर्षअखेरची मास्टर्स दुहेरी सलग सात वेळा जिंकली. अमेरिकेच्या माइक आणि बॉब ब्रायन या जुळ्या भावांनी एकत्र ११९ विजेतेपदं मिळवली, त्यांतली १६ ग्रँड स्लॅमची. एकजण उजवा, दुसरा डावखुरा. समोरच्या जोडीला दर सर्व्हिस गेमला चेंडूची उलटी फिरकी वाचावी लागायची.

आपल्या रोहन बोपण्णाचं नाव इथे घेतलंच पाहिजे. पॅरिस मास्टर्स त्याने लागोपाठ दोन वर्षं जिंकली, आणि दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर : २०११ मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर, २०१२ मध्ये महेश भूपतीबरोबर. दुसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्यात जाळ्यापलीकडे कुरेशीच होता. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून तो दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला. इतक्या उशिरा पहिल्यांदा तिथे पोहोचलेला तो पहिलाच. एकेरीत हे जवळपास अशक्य आहे. दुहेरीत १८ फूट सांभाळायचे असतात, पॉइंट छोटे असतात, आणि भारी सर्व्हिस व मुरलेली समज यांना वय लवकर ग्रासत नाही.

सामना प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर बेसलाइनच्या मागची, थोडी वरची जागा घ्या. कडेच्या महागड्या खुर्चीपेक्षा तिथून चौघांच्या हालचाली जास्त स्पष्ट दिसतात. टीव्हीवर बघत असाल तर पहिल्या सेटचे दोन-तीन गेम निकालाकडे दुर्लक्ष करा. सर्व्हिस होण्याआधी जाळ्याजवळच्याच्या पाठीमागच्या बोटांवर नजर ठेवा, मग तो कुठे गेला ते बघा, आणि सर्व्हिस खरंच त्याला हवी तिथे पडली का ते तपासा. पुढे ४०-४० झालं की रिटर्नसाठी कोण पुढे येतो याचा स्वतः अंदाज बांधा. दुसऱ्या सेटपर्यंत तुमचे अंदाज बरोबर यायला लागतील.